गलबताचे दोन गुडघे

आमचे नाना गेले, तरी गॅरेजच्या दाराशी अजून कुणी ना कुणी येऊन उभं राहतं आणि विचारतं, नाना आहेत का. काकू आतून सांगतात, "नाहीत. गाडीखालीपण नाहीत." हे दुसरं त्यांना सांगावंच लागतं, कारण नाना घरात नाहीत म्हणजे गाडीखाली असणार हे सगळ्या गल्लीला पाठ होतं. नुसते पाय दिसायचे त्यांचे. नाना म्हणजे आमचे चुलते, आणि आम्हा पुतण्यांना लहानपणी त्यांच्या चेहऱ्याच्या आधी त्यांच्या चपला ओळखता यायला लागल्या होत्या.

मोठं काही केलं नाही त्यांनी. गाड्या नीट केल्या. त्यासुद्धा सगळ्या नाहीत, फक्त जुन्या अमेरिकन, आणि त्यातही पुढच्या चाकांपासून स्टेअरिंगपर्यंत जे काय असतं तेवढंच. इंजिनाला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, "इंजिन बंद पडलं तर माणूस चालत घरी येतो. स्टेअरिंग सुटलं तर येत नाही." एवढं बोलून परत गाडीखाली.

आता लिपस्टिकचं आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळतात, पण मध्ये बऱ्याच दांड्या असतात. त्यातली चाकाशी जाऊन मिळते ती टायरॉड. तिच्या टोकाला सांधा असतो, आत गोळी आणि बाहेर आलेली एक खुंटी. ती खुंटी चाकामागे एक लोखंडी हात असतो त्याच्या भोकात बसते. भोक सरळ नसतं, गाजरासारखं निमुळतं असतं, आणि खुंटीही तशीच. दोघांचा उतार जुळला की अशी घट्ट बसते की हातोडा घेतल्याशिवाय निघायची नाही. नाही जुळला तरी वरून सगळं बरंच दिसतं, पण आत हलत राहतं आणि एक दिवस नको त्या वळणावर सुटतं. आणि ह्या अमेरिकन गाड्यांची गंमत अशी की एकाच नावाच्या, एकाच सालच्या दोन गाड्या, जुळ्या बहिणी म्हणाव्यात अशा, पण एकीत सहा सिलिंडरचं इंजिन आणि दुसरीत आठचं, की झाली खुंटी वेगळी. सहाची बारीक, आठची जाड. फरक नखाएवढा. जीव जायला तेवढा पुरतो.

म्हणून नाना काय करायचे, नव्या खुंटीला लिपस्टिक लावायचे. पातळ, एकसारखी. मग खुंटी भोकात घालून एकदा फिरवायची आणि काढून भोकात बघायचं. आत सगळीकडे लाल उमटलं तर जोड बरोबर. नुसतं एक कडं उमटलं तर पार्ट परत. बाकीचे मेकॅनिक ह्यासाठी निळा रंग वापरतात, डबीत मिळतो. नाना म्हणायचे तो हाताचा आठवडाभर निघत नाही आणि ग्रीसमध्ये दिसतही नाही.

लग्न नवं होतं तेव्हा काकूंनी कपडे धुवायला काढले तर नानांच्या खिशात लिपस्टिक. वापरलेली. काकू स्वतः लिपस्टिक लावत नाहीत, कधी लावलीच नाही. भांडी जरा जास्त वाजली त्या दिवशी, एवढंच. दुसऱ्या दिवशी नाना कामावर गेले आणि मागोमाग काकू निघाल्या, म्हटलं एकदा डोळ्यांनी बघू तरी कोण आहे ती. बघतात तर नाना गाडीखाली उताणे, तोंडात बॅटरी, आणि एका लोखंडी खुंटीला मन लावून लिपस्टिक लावतायत.

"ही आहे होय," काकू म्हणाल्या.

नाना दचकले ते डोकं आपटलं वर. "कोण ही?"

"काही नाही. गोरी नाहीये फार."

नंतर काकूच आणून द्यायला लागल्या. दुकानातली बाई विचारायची, कोणता रंग दाखवू, तुमच्या चेहऱ्याला हा शोभेल. काकू म्हणायच्या, "चेहऱ्याचं राहू दे, काळ्या लोखंडावर उठून दिसेल असा दे."

तर असे नाना. कामं कमी केली त्यांनी म्हातारपणी, पण एक गाडी दारात कायम राहिली, ती म्हणजे गलबत. आभाळी रंगाची, लांबच लांब, आठ सिलिंडरची. गल्लीत वळली की तोंड आमच्या दारात आणि शेपूट अजून शिंप्याच्या दुकानापुढे. एका डॉक्टरीणबाईंची होती. नाना तरुणपणी ज्या वर्कशॉपमध्ये शिकले तिथे ती यायची, पुढे वर्कशॉप बंद पडलं तरी नानांकडेच यायची, आणि बाई फार थकल्या तेव्हा किल्ली नानांच्या हातात देऊन म्हणाल्या, "हिला तुझ्याशिवाय कुणी वळवू शकत नाही, तूच ठेव." नानांनी ठेवली. चालवायचे कमी, पुसायचे जास्त.

मग काकूंचा गुडघा गेला. उजवा. ऑपरेशन करून नवा बसवला, डॉक्टर म्हणाले झकास झालंय, पण तो गुडघा वाकायचं नाव घेईना. पाय सरळ तो सरळच. घरात काठी घेऊन फिरायच्या, दारापुढे खुर्ची टाकून पाय स्टुलावर ठेवून बसायच्या, पण गाडीत बसणं बंद झालं. थोरल्या पुतण्याची छोटी गाडी आणून बघितली. आधी पाय घातला तर बाई बाहेर, आधी बाई घातली तर पाय बाहेर. शेजारणीने सुचवलं, रुग्णवाहिका सांगा, आडवं झोपून जाता येईल. काकू म्हणाल्या, "आडवी मी एकदाच जाणार आहे, आणि ते तेव्हा बघू."

जायचं होतं त्यांना अक्कांकडे. अक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण. वर डोंगरातल्या गावात राहायची, दोघींच्या आईच्याच घरात. रोज दुपारी फोन, आणि रोज भांडण. आईची पितळी चाळण कुणी हरवली हे भांडण आम्ही जन्मल्यापासून चालू आहे. त्या अक्कांनी एक दिवस फोनवर सांगितलं की घर विकलं, महिनाअखेरीला लेक येऊन घेऊन जाणार, विमानाने, लांब, आणि आता परत येणं काही व्हायचं नाही.

"तू काही येत नाहीस, मला माहितीये," अक्का म्हणाल्या.

"येते की नाही बघ," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग बराच वेळ फोनकडे बघत बसल्या.

नानांनी ते बघितलं. बाहेर जाऊन गलबताचं उजवीकडचं दार उघडलं. अमेरिकन गाडी, स्टेअरिंग डावीकडे, म्हणून शेजारी बसणाऱ्याचं दार उजवीकडे. ते दार म्हणजे अर्ध्या खोलीचं दार. आत पुढची सीट एकसंध, सोफ्यासारखी, आणि समोर पाय पसरायला एवढी जागा की माणूस निजला असता. नाना आत आले आणि म्हणाले, "अगं, जरा बाहेर ये. बसून बघ."

काकू बसल्या. पाठ टेकली, पाय सरळ समोर, कुठे काही अडलं नाही. हात फिरवला सीटवरून.

"ह्या म्हातारीला डोंगर चढवणार तुम्ही?"

"कुठल्या?" नाना म्हणाले, आणि काठीचा फटका चुकवला.

पण खरी अडचण काकूंनी बरोबर धरली होती. इंजिन ठणठणीत होतं, स्टेअरिंग नव्हतं. टायरॉडचे बाहेरचे दोन्ही सांधे झिजून खिळखिळे झाले होते. स्टेअरिंग वळवलं की गाडी आधी विचार करायची आणि मग वळायची. गल्लीत दूध आणायला चालतं असं, पण डोंगराच्या रस्त्यावर एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही, आणि वळणं अशी की आपलीच शेपूट आपल्याला दिसावी. नानांनी ठरवलं, दोन्ही सांधे नवे टाकायचे, बरोबर तेच टाकायचे, आणि महिनाअखेरीच्या आत हिला अक्कांपुढे नेऊन उभी करायची. दुसरा विचारच नाही.

पार्ट आणायचे डबलकडून. डबल हा नानांचा दोस्त, जुन्या पार्टचं दुकान, दोघांचं अर्धं आयुष्य एकमेकांना शिव्या घालण्यात गेलं. त्याचं नाव डबल पडलं कारण तो कुठलीच वस्तू एकटी विकत नाही. एक दिवा फुटला, दोन घ्या. एक काचेची पुसणी गेली, दोन घ्या. म्हणायचा, "एक नवं आणि एक जुनं शेजारी शेजारी बसलं की भांडतात. माझ्याकडे जोडी मिळेल." नाना त्याला हसायचे, पण खरं सांगायचं तर हे त्यांनाही पटलेलं होतं. गाडीची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखीच, एक बघितली की दुसरी बघितली, असं दोघांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

डबलने पुस्तक उघडलं, गाडीचं साल बघितलं, आठ सिलिंडर बघितलं, आणि फळीवरून एक खोकं काढलं.

"हे घे. डोळे झाकून लाव."

"डोळे झाकून तूच लाव. मी लिपस्टिक लावून बघणार."

घरी आल्यावर नानांनी डावं चाक उचललं. डावंच का, तर उजवी बाजू भिंतीकडे, आणि डावीकडे उजेड, आणि डावीकडेच काकूंची खुर्ची. जुना सांधा ठोकून काढला, नव्या खुंटीला लाल रंग दिला, भोकात घातली. खुंटी वरच अडकली. जाड बाटलीचं बूच बारीक तोंडात घालावं तशी. काढून बघतात तर आत नुसतं कडं उमटलेलं.

नाना गाडीखालून बाहेर आले आणि बसून राहिले. मग त्यांनी जुनी खुंटी बोटात धरून फिरवून बघितली. बारीक. सहा सिलिंडरची.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं.

"कुठल्यातरी गाढवाने हिचे हात बदलून ठेवलेत. आठच्या गाडीला सहाचे हात बसवलेत."

"मग आता?"

"आता काय, खोकं परत. सहाची जोडी आणतो."

आणि मग त्या गाढवाचा उद्धार सुरू झाला. शिंपी विचारपूस करायला आला, त्याला सांगितलं. टपालवाला आला, त्याला सांगितलं. डबलला तर इतकं सांगितलं की तोही गाढवाला ओळखत असल्यासारखा शिव्या द्यायला लागला. "असल्या माणसाला पान्याला हात लावू देता कामा नये," डबल म्हणाला. "पाना कसला," नाना म्हणाले, "त्याला चमचा देऊ नये हातात." काकू खुर्चीवर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याला उचक्या लागल्या असतील." नानांना खरंच उचकी लागली होती दुपारी, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

सहाची जोडी लगेच मिळाली नाही. डबलने कुठून कुठून फोन केले. तोवर अक्कांकडे बांधाबांध सुरू झाली. फोनवर सांगायच्या, आज कपाट गेलं, आज आरसा गेला. काकू म्हणायच्या, चाळण सापडली का. अक्का म्हणायच्या, ये आणि शोध.

शेवटी जोडी आली. डबल स्वतःच घेऊन आला, खोकं छातीशी धरून. नाना डाव्या बाजूने खाली गेले. लिपस्टिक लावली, खुंटी घातली, फिरवली, काढली, आणि आत बॅटरी मारली. वरपासून खालपर्यंत लाल. एक ठिपका सुटला नव्हता.

"बसली," खालून आवाज आला. "अगं, अक्कांना फोन कर. परवा निघतोय म्हणावं."

काकूंनी फोन केला. पलीकडून अक्का काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण काकू म्हणाल्या, "रडतेस कशाला, भांडायला येतेय मी." बॅग भरून दाराशी ठेवली. नानांनी डावा सांधा कायमचा आवळला, नटातून पिन घातली, पिन दुमडली, आणि डबलबरोबर चहा घेतला. मग उजवं चाक उचललं.

उजवा जुना सांधा काढला आणि नवी खुंटी भोकात घातली. ती आरपार गेली. खाली जाऊन लटकायला लागली, मोठ्या पातेल्यात पळी हलावी तशी डुगडुग.

नानांनी परत घातली. परत डुगडुग. जुनी खुंटी हातात घेतली तर ती जाड.

हे कसं शक्य आहे? एका गाडीला दोन जातीचे हात कुठली कंपनी लावेल? नानांना वाटलं आपलंच चुकतंय. चष्मा पुसला. डावीकडे जाऊन आले. आवळलेला सांधा हलवून बघितला, तो दगडासारखा घट्ट. पण आता त्याच्यावरही विश्वास बसेना. लाल सगळीकडे उमटलं होतं हे आपण खरंच बघितलं, का बघायचं होतं म्हणून दिसलं? इतकी वर्षं लोकांना सांगितलं की स्टेअरिंग सुटलं तर माणूस घरी येत नाही, आणि आता आपल्याला जाड बारीक कळेना, आणि आपण हिला शेजारी बसवून डोंगर चढायला निघालोय. ते गाडीखाली पडून राहिले.

डबल म्हणाला, "ए, झोपलास का?"

"अरे, नको जाऊया," नाना म्हणाले. "मला आता कळत नाही रे. नजर गेली माझी. तिला सांग तू."

ते काकूंनी ऐकलं होतं. काठी घेऊन त्या उठल्या, भिंतीच्या बाजूला आल्या, आणि जिथे पाय दिसत होते तिथे उभ्या राहिल्या.

"काय दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं सगळं. पण जे दिसतंय ते असूच शकत नाही. डावीकडे सहाचं, उजवीकडे आठचं. असं नसतं कुठे."

"का नसतं?"

"अगं, एका गाडीचे दोन हात वेगळे कसे असतील?"

काकूंनी काठी गाडीला टेकवली. "माझे दोन गुडघे सारखे आहेत का?"

त्यांनी उजव्या गुडघ्यावर थाप मारली.

"डावा आईने दिलेला, उजवा दुकानातून आणलेला. एक वाकतो, एक वाकत नाही. तरी बाई एकच आहे ना? का दोन दिसतात तुम्हाला?"

डबल हसला आणि मग हसू नये असं वाटून खोकला. नानांचे पाय हलले. ते सरपटत गाडीच्या खालूनच पार डावीकडे गेले. थोड्या वेळाने खरवडल्याचा आवाज यायला लागला. डाव्या हातावर वर्षानुवर्षांचं ग्रीस साचून कातडीसारखं झालं होतं, ते नाना काढत होते. का काढत होते, तर त्यांच्या जुन्या वर्कशॉपची एक रीत होती. उस्तादांचा नियम असा की दुसऱ्या गाडीचा पार्ट लावायची वेळ आली तर लावा, पण लपवून लावू नका. त्यावर रंगाचा एक ठिपका द्या, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल की इथे परका पाहुणा बसलाय. प्रत्येक कारागिराचा रंग वेगळा. कोण लाल, कोण हिरवा.

खरवडायचा आवाज थांबला.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"गाढव सापडलं," खालून नाना म्हणाले.

"कोण निघालं?"

डबल खाली वाकला, मग गुडघे टेकून वाकला, मग त्याने बॅटरी मागितली. आणि तो जो हसायला लागला तो जमिनीवरच बसला.

"वहिनी, ठिपका पिवळा आहे."

पिवळा रंग कुणाचा हे काकूंना सांगायची गरज नव्हती. त्याच डब्यातल्या उरलेल्या रंगाने नानांनी त्यांच्या स्वयंपाकघरातली फळी रंगवली होती, स्टूल रंगवलं होतं, एकदा तर छत्रीची मूठ रंगवली होती. काकू इतक्या हसल्या की गाडीचा टप धरून उभं राहावं लागलं, आणि म्हणाल्या, "त्याला चमचा देऊ नये हातात."

मग नानांना सगळं आठवलं. खाली पडल्या पडल्याच सांगितलं त्यांनी. डॉक्टरीणबाईंनी एकदा घाईत जाताना गाडी दगडावर घातली होती, डावा हात वाकला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना कुणाच्या तरी बाळंतपणाला जायचं होतं. आठचा हात कुठे मिळेना. मागे भंगारात सहाची गाडी पडली होती, तिचा हात नानांनी काढून लावला. लांबी तीच, फक्त भोक बारीक, म्हणून सांधाही तिचाच लावला. ठिपका दिला. वर ग्रीस बसलं, आणि इतकी वर्षं ते बिनतक्रार चाललं, म्हणून विसरून गेले.

"म्हणजे काम चांगलं होतं गाढवाचं," काकू म्हणाल्या.

"वाईट नव्हतं," नाना म्हणाले, आणि बाहेर आले. तोंडाला ग्रीस, आणि कपाळाला कुठूनतरी लिपस्टिक लागलेली. काकूंनी पदराने पुसली. नाना मग जरा ताठ उभे राहिले. नजर गेली नव्हती. जे दिसलं होतं ते खरंच तसं होतं.

आता राहिला प्रश्न एका जाड खुंटीचा. ती डबलकडे होती, परत केलेल्या पहिल्या खोक्यात. पण तिथे डबल अडला.

"जोडी मी फोडत नाही. तुला माहितीये."

"अरे, मला एकच पाहिजे."

"दोन्ही ने."

"दोन्ही कुठे लावू, नाकाला?"

"तू कुठे पण लाव. मग इकडची एक उरेल, तिकडची एक उरेल. दोन एकट्या माझ्या फळीवर बसून राहणार, कोण नेणार त्यांना? उभ्या जन्मात असं केलं नाही मी."

चांगलं वाजलं दोघांचं. शिंपी कात्री घेऊन बाहेर आला बघायला. शेवटी काकू म्हणाल्या, "भाऊजी, जरा ऐका माझं. तुमच्याकडे काय उरेल? एक सहाची, एक आठची."

"तेच म्हणतोय ना मी, वहिनी."

"आणि आमच्या गाडीला काय लागतं?"

डबल बोटांवर मोजायला लागला.

"एक सहाची, एक आठची," काकू म्हणाल्या. "म्हणजे तुमच्याकडे उरते ती जोडीच झाली की. आमची जोडी. तारेने बांधून ठेवा, ह्या झिजल्या की आम्हीच येऊ न्यायला."

डबलने नानांकडे असं बघितलं, जणू नानांनीच फसवलंय. मग निघाला, आणि परत आला तो जाड खुंटी घेऊन. नानांनी लिपस्टिक लावली. उजवं भोक वरपासून खालपर्यंत लाल. ह्या वेळी नानांनी डबलला दाखवलं, काकूंना आरसा धरून दाखवलं, शिंप्यालासुद्धा दाखवलं. त्याला काही कळलं नाही, पण तो म्हणाला, "छान रंग आहे." मग नानांनी चारी चाकांभोवती दोरा ताणून पुढची चाकं सरळ केली, गल्लीत एक चक्कर मारली, आल्यावर दोन्ही सांधे परत हाताने हलवून बघितले. दोन्ही, हां. एक नाही.

ठरल्या दिवशी सकाळी निघाले. काकू पुढे, पाय पसरून, मांडीवर पर्स. मागच्या सीटवर डबल. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. कुशीत खोकं होतं, त्यात तारेने बांधलेल्या दोन खुंट्या. "रस्त्यात काही झालं तर जोडी जवळ असलेली बरी," तो म्हणाला. नाना म्हणाले, "जोडी पुढे बसलीये, तू मागे गप बस."

चढ लागला तसं नानांनी स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं. पहिलं अवघड वळण आलं. त्यांनी स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि गाडीने विचारबिचार काही केला नाही, हाताबरोबर वळली. वळण संपलं, आणि नानांनी पकड सैल केली. स्टेअरिंग त्यांच्या बोटांतून आपलं आपण सरकत मागे फिरलं आणि सरळ झालं.

"कोण फिरवतंय ते?" काकूंनी विचारलं.

"कुणी नाही. सांधे नीट असले की आपणहून सरळ होतं."

पुढच्या वळणानंतर काकूंनी हात लांब करून स्टेअरिंगच्या चाकावर ठेवला. नुसता ठेवला. ते त्यांच्या तळव्याखालून फिरत गेलं. मग त्यांनी हात मागे घेतला आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या, पण पुढच्या प्रत्येक वळणाला हात परत यायचा.

अक्का फाटकात उभ्या होत्या. एवढं मोठं गलबत बघून त्या म्हणाल्या, "हे आत मावायचं नाही." काकू म्हणाल्या, "आधी मला तरी आत घे." दोघी गळ्यात पडल्या, मग लगेच भांडल्या, मग दिवसभर रिकाम्या घरातून काठ्या टेकत हिंडल्या, ह्या कोपऱ्यात आई बसायची, इथे तू पडली होतीस. चाळण माळ्यावर सापडली. ती कुणी ठेवली हे भांडण संध्याकाळपर्यंत पुरलं. निघताना अक्कांनी ती काकूंच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "घे, हरवलीस तशी आता सांभाळ." काकू येताना सगळा उतार ती धरून बसल्या होत्या. एक हात चाळणीवर, एक चाकावर.

अक्का ठरल्याप्रमाणे गेल्या. फोन मात्र रोज येतो, वेळ बदलली तेवढीच.

नाना त्यानंतर पुष्कळ हिंडले काकूंना घेऊन, जवळपास कुठे कुठे, काही काम नसताना. आणि मग थंडी सुरू होताना गेले. दुपारी पडले होते, उठले नाहीत. आमच्या काकाला उताणं झोपलेलं आम्ही आयुष्यभर बघितलं होतं, त्यामुळे पहिल्यांदा कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. काकूंना वाटलं.

डबल आला तेव्हा त्याच्या हातात ते खोकं होतं. त्याने ते काकूंपुढे ठेवलं. काकूंनी उघडून बघितलं. एक जाड, एक बारीक, तार तशीच. दोघींवर त्याने पिवळा ठिपका दिला होता. काकूंनी खोकं बंद केलं आणि त्याच्या हातात परत दिलं.

"ठेवा तुमच्याकडेच, भाऊजी. गाडीत आहेत त्या अजून झिजायच्यात."

आता गलबत आम्ही पुतणे आळीपाळीने चालवतो. काकू पुढे बसतात, पाय पसरून. गल्लीच्या तोंडाशी पहिलं वळण घेतलं की सांगतात, "हात सोड बघू." हात सोडावा लागतो. चाक फिरत मागे येतं, सरळ होतं, काकू तिकडे बघत असतात. पूर्ण सरळ झालं की म्हणतात, "हं, चल."